न्हाणाची गाणी आणि झुलू मुलींचा इतिहास

दक्षिण आफ्रिकेतील झुलू समाजात मुलगी वयात येण्याचे दोन विधी आहेत. पहिल्या ऋतुप्राप्तीचा 'उम्ह्लोन्याने' आणि ती लग्नाजोगी झाल्यावर, आता बहुधा एकविसाव्या वर्षी होणारा, 'उमेमुलो'. उमेमुलोपूर्वी मुलगी मैत्रिणींसह एकांतात बसते. थोरल्या मुली तिला गाणी शिकवतात. विधीच्या दिवशी बापाने मारलेल्या जनावराच्या पोटातील चरबीचा जाळीदार पडदा ती खांद्यावर पांघरते, हातात भाला घेते आणि नाचते. गाणे एकटीचे नसतेच. म्होरकी ओळ उचलते आणि ती संपण्याआधीच बाकीच्या आपली ओळ सुरू करतात.

या गाण्यांतील शब्द उघडेवाघडे असतात. एरवी तोंडातून काढू नयेत असे शब्द त्या वेळी मोकळेपणी म्हणायचे असतात. मिशनऱ्यांना त्यात केवळ अश्लीलता दिसली आणि धर्मांतरितांना त्यांनी या विधींपासून दूर ठेवले. १९६८ साली आयलीन क्रिगे यांनी एका लेखात या गाण्यांचा सुफलता, आरोग्य, नीती आणि धर्म यांच्याशी असलेला संबंध मांडला. अर्थात अश्लील काय हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे असतो, हे आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको.

पाऊसपाण्याची देवता नोम्खुबुल्वाने हिच्या विधीत तर मुली पुरुषांची वस्त्रे घालत, गुरे राखत आणि तशीच गाणी म्हणत. पुरुषांनी त्या वेळी दूर राहायचे. मॅक्स ग्लकमन या मानववंशशास्त्रज्ञाने १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात यांना 'बंडाचे विधी' म्हटले. मात्र असे बंड व्यवस्थेला धक्का न देता तिला बळकटच करते, असा त्याचा निष्कर्ष होता. मला तो अपुरा वाटतो. कारण याच समाजातल्या मुलींनी विधीबाहेरही बंड केले आहे.

झुलू राज्यात तरुणांप्रमाणे मुलींचेही वयानुसार गट पाडले जात आणि लग्नाची परवानगी राजा देई. १८७६ साली राजा सेत्शवायोने 'इंगचुगचे' या गटातील मुलींना वयाने बऱ्याच मोठ्या योद्ध्यांशी लग्न करण्याचा हुकूम सोडला. अनेकींनी तो धुडकावला. त्यांतल्या काहींना ठार मारण्यात आले. नातालचा ब्रिटिश लेफ्टनंट-गव्हर्नर बुल्वर याने निषेध नोंदवला आणि पुढे १८७९ च्या युद्धाच्या समर्थनात या हत्यांचाही वापर झाला. मुलींचा कळवळा असलेल्या याच साम्राज्याच्या नाताल वसाहतीने १८९१ च्या कायद्याने आफ्रिकी स्त्रीला कायमची अज्ञान ठरवले! राजाने जीव घेतला, गोऱ्यांनी कायद्यातले माणूसपण काढून घेतले. परंपरेचे गोडवे गाणाऱ्यांनी आणि सुधारणेचे श्रेय साम्राज्याला देणाऱ्यांनी ही दोन्ही साले शेजारी ठेवून वाचावीत.

प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. परंपरेच्या पुनरुज्जीवनात गाण्यांबरोबर कौमार्यतपासणीही पुढे आली. २००५ च्या बालक कायद्याने सोळा वर्षांखालील मुलींची अशी तपासणी बंद केली. तरीही २०१६ साली क्वाझुलू-नातालमधील उथुकेला जिल्हा नगरपालिकेने सोळा विद्यार्थिनींना कौमार्य राखण्याच्या अटीवर शिष्यवृत्त्या दिल्या. नियमित तपासणीही सक्तीची. मुलग्यांना अशी अट नव्हती. ज्यांच्या घरात पहिल्यांदाच कोणी कॉलेजात जाते, त्यांना शिष्यवृत्ती नाकारणे किती अवघड असते हे आपण जाणतो. त्याच वर्षी तेथील स्त्री-पुरुष समानता आयोगाने ही अट घटनाबाह्य ठरवली.