खाणावळ, थाळी, पंगत आणि बुफे : भोजनव्यवस्थेचे प्रकार

वेस्ट विंडसर, न्यू जर्सी : भोजनगृहाचा प्रकार केवळ पदार्थांवरून ठरत नाही, दर कशाचा आणि वाढणारा कोण, यांवरूनही तो ठरतो.

खाणावळ : ठरावीक जेवण, बहुधा मासिक दराने. मुंबईच्या गिरणगावात अनेक स्त्रिया राहत्या घरीच कामगारांसाठी खाणावळी चालवीत. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये ‘अन्नपूर्णा महिला मंडळा’द्वारे त्यांना संघटित केले.

उपाहारगृह : येथे प्रत्येक पदार्थाचा दर स्वतंत्र असतो.

डबा : जेवण ग्राहकाकडे जाते. मुंबईचे डबेवाले स्वयंपाक करीत नाहीत, डबे पोहोचवतात.

वाढण्याच्या पद्धती तीन. पंगतीत सर्व जण एकाच वेळी बसतात. वाढपी फिरतो, आग्रह करतो. थाळीत पदार्थ व दर ठरलेले असतात. ती मर्यादित किंवा अमर्यादित असते. बुफेत पाहुणा स्वतः वाढून घेतो. त्यामुळे वाढपी कमी लागतात. मात्र पदार्थ गरम राखण्याची जबाबदारी वाढते.

परदेशात घरगुती खाणावळीची परंपरा कायद्याशी येऊन थांबते. न्यू जर्सीने ऑक्टोबर २०२१ पासून घरी केलेल्या पदार्थांच्या विक्रीस परवाना देणे सुरू केले. परंतु तो बिस्किटे, पाव अशा, थंड वा गरम राखावे न लागणाऱ्या पदार्थांपुरताच आहे. वरण-भाताचा डबा त्यात बसत नाही. त्यासाठी मान्यताप्राप्त व्यावसायिक स्वयंपाकघर लागते. म्हणून समारंभाचे कंत्राट देताना किंवा मासिक डबा लावताना चवीइतकीच परवान्याचीही चौकशी करावी.