बूट कोठून? जुन्या मॅकमधल्या निवडीचा मागोवा

जुना मॅक कोणत्या सिस्टिमवर चालू करायचा, हा प्रश्न मॅकइतकाच जुना आहे. आपण 1984 पासून सुरुवात करू. पहिल्या मॅकिंटॉशमध्ये हार्ड डिस्क नव्हती; 400 केबीची फ्लॉपी घालेपर्यंत पडद्यावर प्रश्नचिन्ह लुकलुकत राही. जी फ्लॉपी घातली, ती सिस्टिम. 1986 च्या मॅकिंटॉश प्लसला स्कझी पोर्ट मिळाला, बाहेरच्या हार्ड डिस्क सहज जोडता येऊ लागल्या आणि पुढे कंट्रोल पॅनेलमधून बूटची डिस्क ठरवण्याची सोय आली. ही निवड पीरॅम नावाच्या, बॅटरीवर जपलेल्या चिमुकल्या स्मृतीत राही. एका डिस्कवर दोन सिस्टिम फोल्डर असले, तरी मॅक त्यांतला एकच ग्राह्य धरी. विसरला गेलेला एक पूर्वज इथे नोंदवायलाच हवा. 1990 च्या मॅकिंटॉश क्लासिकच्या रॉममध्येच सिस्टिम 6.0.3 भरलेली होती. चालू करताना कमांड, ऑप्शन, एक्स आणि ओ दाबून धरले की तो कोणत्याही डिस्कविना उघडे.

1999 च्या सुमारास ऑप्शनची कळ दाबून सिस्टिम निवडण्याचा पडदा आला आणि लवकरच त्याची खरी गरज पडली. मार्च 2001 मध्ये मॅकची नवी सिस्टिम ओएस टेन आली, पण छपाईचा व्यवसाय जुनी ओएस नाइन सोडेना. पानमांडणीच्या क्वार्क एक्सप्रेसची ओएस टेनवर चालणारी सहावी आवृत्ती 2003 मध्ये आली. त्याच कामाचा पेजमेकर तर तिथे कधीच पोहोचला नाही. त्यातून मराठी मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये. प्रत्येक कंपनीची अक्षरांची मांडणी वेगळी, त्यामुळे फॉन्ट बदलला की मजकुराची पार दशा होई. अशा वेळी एकाच यंत्रात दोन्ही सिस्टिम ठेवण्याला पर्याय नव्हता. मे 2002 मध्ये स्टीव्ह जॉब्सने ओएस नाइनची शवपेटी मंचावर आणली आणि जानेवारी 2003 पासूनची बहुतेक नवी मॉडेले ओएस नाइनवर बूट होईनाशी झाली. माझ्या मते हा निर्णय घाईचा होता.

पुढचा प्रवास झपाट्याचा. 2006 मध्ये इंटेल प्रोसेसर आला, त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये बूट कॅम्पने विंडोजलाही दार उघडले. 2020 च्या एम-वन मॅकमध्ये बूट कॅम्प उरला नाही आणि ऑप्शनऐवजी पॉवरचे बटण दाबून धरण्याची रीत आली.

बेळगाव-निपाणी भागात लग्नपत्रिका, स्मरणिका, संस्थांचे अहवाल छापणाऱ्या एखाद्या छापखान्यात 2003 पूर्वीचा, जी-फोर प्रोसेसरचा मॅक पडून असेल, तर तो भंगारात घालू नका. ऑप्शन दाबून चालू करा. दोन्ही सिस्टिम एकाच पार्टिशनवर असतील, तर त्या पडद्यावर एकच दिसेल. तेव्हा ओएस टेनमधल्या स्टार्टअप डिस्कमध्ये जाऊन नाइन निवडा. मग जुन्या फाइली उघडून त्यांच्या पीडीएफ करा आणि मूळ फॉन्टही त्यांच्यासोबत जपून ठेवा.