सापांची माय म्हणावी अशी एक बाई

भात लावणीचे दिवस आहेत. बांधावर, गोठ्यात, सरपणाच्या ढिगात साप दिसल्याची बातमी रोज कुणाच्या ना कुणाच्या घरून येते. नागपंचमीला आपण नागाला भाऊ मानतो, आणि एरवी तोच समोर आला की काठी शोधतो. आज मी तुम्हाला अशा एका बाईची खरी गोष्ट सांगणार आहे, जिनं साप घरात पाळले, त्यांची बाळंतपणं केली, आणि शेवटी सापापायीच जीव गमावला. तिची चूक शोधायला म्हणून ही गोष्ट सांगत नाही. तिच्याकडून शिकण्यासारखं आपल्याला आजही पुष्कळ आहे.

तिचं नाव ग्रेस ऑलिव्ह वायली. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात १८८३ साली तिचा जन्म झाला. शिक्षण किड्यांच्या शास्त्राचं. सुरुवातीला ग्रेसबाईंना सापांची भीती वाटायची. पुढे रानात अभ्यासासाठी फिरताना साप जवळून बघायला मिळाले, भीती हळूहळू गेली आणि तिच्या जागी ओढ आली. १९२३ साली मिनियापोलिस शहरातल्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या संग्रहालयात त्यांना नोकरी लागली. तिथं त्यांनी साप, सरडे, कासवं, सुसरी मिळून तीनशेच्या वर प्राणी सांभाळले. त्या काळी एवढ्या मोठ्या जागेवर बाई बसणं हीच नवलाची गोष्ट होती.

ग्रेसबाईंचं नाव झालं ते रॅटलस्नेकमुळे. हा अमेरिकेतला विषारी साप. शेपटीच्या टोकाला खुळखुळा असतो, तो वाजवून तो समोरच्याला सावध करतो. आपल्या घोणशीसारखा तो अंडी घालत नाही, जिवंत पिलांना जन्म देतो. पिंजऱ्यात ठेवलेला साप आधी खायलाच तोंड उघडत नाही, मग त्याची वीण होणं लांबच. पण ग्रेसबाईंनी ते करून दाखवलं. आपल्याकडे पाळलेल्या रॅटलस्नेकला पिलं कशी झाली, याची नोंद त्यांनी १९२९ साली छापून प्रसिद्ध केली. असं यश मिळवणाऱ्या त्या पहिल्याच, असं मानलं जातं.

या कामातला आनंद आपल्याला कळण्यासारखा आहे. गाय व्यायला झाली की आपण रात्रभर जागतो, तसंच ते. पिलू जन्मतं तेव्हा त्याच्या शेपटीला नुसती एक गुंडी असते. कात टाकली की खुळखुळ्याला एकेक कडं वाढत जातं. हे रोज डोळ्यांनी बघायचं, लिहून ठेवायचं. पण कष्टही तेवढेच. सापाचं अंग आपल्यासारखं आतून ऊब धरत नाही. गारठा पडला की त्याला खाल्लेलं पचत नाही, म्हणून उबेची सोय करायची. कात अडकली तर ओलावा द्यायचा. नवजात पिलांना त्यांच्या बेतानं खाणं शोधायचं. आणि हे सगळं करताना लक्षात ठेवायचं, की रॅटलस्नेकचं पिलू पहिल्या दिवसापासून विषारी असतं.

ग्रेसबाईंची पद्धत शांतपणाची होती. नव्या सापाला त्या आधी कापड गुंडाळलेल्या मऊ काठीनं हळुवार स्पर्श करायच्या. तो निवला की मग हात लावायच्या. साप दुष्ट नसतो, घाबरलेला असतो, हे त्यांचं मत होतं, आणि ते खरंही आहे. पण याच विश्वासातून त्या बेफिकीर झाल्या. काठी, आकडा, पिंजऱ्याची कडी यांची त्यांना गरज वाटेना. १९३३ साली त्या शिकागोजवळच्या ब्रुकफील्ड प्राणिसंग्रहालयात गेल्या. तिथं पिंजऱ्यांची दारं उघडी राहून साप बाहेर निघाल्याचे प्रकार घडले आणि १९३५ मध्ये त्यांची नोकरी गेली. मग त्यांनी कॅलिफोर्नियात स्वतःचीच छोटी सर्पशाळा थाटली. लोक थोडे पैसे देऊन साप बघायला यायचे, त्यावर सापांचं आणि त्यांचं पोट चालायचं.

२० जुलै १९४८. एक लेखक फोटो काढायला आला होता. ग्रेसबाईंनी नवा आणलेला नाग बाहेर काढला. आपल्याकडे असतो तोच, भारतीय जातीचा नाग. त्यानं फणा काढावा म्हणून त्यांनी त्याच्यापुढे हात धरला. गारुड्याच्या पुंगीपुढे नाग डुलतो तो सुरांवर नव्हे, पुंगीच्या हालचालीवर, हे तुम्ही ऐकलं असेल. इथं हलत होता तो हात. नागानं बोटाला डंख केला आणि पकड सोडेना. ग्रेसबाईंनी न ओरडता त्याला सोडवलं आणि परत पिंजऱ्यात ठेवलं.

घरात नागाच्या विषावरचं औषध होतं, पण घाईत कुपी फुटली. दवाखान्यात नेलं, तर तिथं अमेरिकी सापांवरचं औषध होतं, नागावरचं नव्हतं. नागाचं विष श्वासाचे स्नायू लुळे करतं. दोन तासांच्या आत ग्रेसबाई गेल्या. वय ६४.

औषध असून का चाललं नाही? कारण एका सापाच्या विषावरचं औषध दुसऱ्या सापाला लागू पडेलच असं नसतं. हे ब्राझीलमधल्या व्हिताल ब्राझील या डॉक्टरांनी पन्नास वर्षांपूर्वीच दाखवून दिलं होतं. घोड्याला थोडं थोडं विष टोचायचं, त्याच्या रक्तात जी ताकद तयार होते ती काढून घ्यायची, अशी ही लस बनते. ज्या सापाचं विष, त्याच सापावर इलाज. आज आपल्या सरकारी दवाखान्यात मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर मिळून चालते. म्हणून चावलेला साप मारून वा पकडून डॉक्टरांना दाखवायची गरज नाही. त्या नादात दुसरा माणूस चावून घेतो.

मैत्रिणींनो, भारतात सापाच्या दंशानं वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं जातात, असं संशोधकांचं अनुमान आहे. बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी. ग्रेसबाईंना मिळाली नाही ती लस आपल्याकडे आहे, पण आपण तिच्यापर्यंत वेळेत पोचत नाही. आधी मांत्रिक, मग पाला, मग दवाखाना, यात जीव जातो. तेव्हा एवढं पाठ करा. साप चावला की माणसाला धीर द्या, चालवू नका. हातातल्या बांगड्या, अंगठ्या, पायातली जोडवी लगेच काढा, कारण सूज चढते. करकचून दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, विष चोखू नका. हात किंवा पाय फळकुटाला बांधून स्थिर ठेवा आणि १०८ ला फोन करून थेट दवाखाना गाठा.

आणि ग्रेसबाईंसारखी ओढ कुणाला वाटलीच, आपल्या पोरांना हल्ली मोबाईलवर साप हाताळणारे बघून वाटतेच, तर त्यांना सांगा: आपल्याकडे वन्यजीव कायद्यानं रानातला साप पकडणं, घरी ठेवणं, विकणं गुन्हा आहे. घरात साप निघाला तर वनखात्याला किंवा जाणत्या सर्पमित्राला बोलवा, आणि तो येईपर्यंत लांबून नजर ठेवा.

पुढच्या बचत गटाच्या बैठकीत एकच गोष्ट विचारून घ्या: आपल्या जवळच्या कुठल्या दवाखान्यात सर्पदंशाची लस आहे, आणि रात्री तिथं डॉक्टर असतात का? उत्तर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. सापावर माया करा, पण लांबून.