अडलेलें छप्पर

मोटारगाडीच्या इतिहासांत इंजिनाचें जेवढें कौतुक झालें तेवढें छपराचें झालें नाहीं. वस्तुतः मागें सरून दडणाऱ्या छपराची कथा कमी उद्बोधक नाहीं. आणि विशेष हें कीं, ती नीट कळावयाची तर छप्पर चालत असतांना नव्हे, तें मध्येंच अडलें असतां त्याकडे पाहिलें पाहिजे.

व्हिक्टोरिया गाडीचा टप वाचकांनीं निदान चित्रांत तरी पाहिला असेल. वांकविलेल्या कमानी, त्यांवर कातडें, आणि बाजूला कोपरासारखा दुमडणारा सांधा. गाडीवान हातानें सांधा मोडी व टप मागें निजवी. कोणती क्रिया आधीं आणि कोणती नंतर, हें त्याच्या हातांनाच ठाऊक असे. पहिल्या मोटारींनीं हीच रचना उचलली. सांधा गंजला तर तेल घालावें, कापड फाटलें तर शिवावें, एवढीच काय ती दुरुस्ती.

कापडाच्या जागीं पत्र्याचें छप्पर बसवून तें गाडीच्या शेपटींत लपविणें हें काम निराळ्या जातीचें. तें यशस्वी करून दाखविणाऱ्यांत अग्रमान पॅरिसच्या जॉर्ज पोलँ याचा. हा गृहस्थ व्यवसायानें दंतवैद्य होता! त्याच्या रचनेवरून प्यूजो कंपनीची ४०१ ‘एक्लिप्स’ ही गाडी १९३४ सालीं निघाली, नांवही ग्रहणाचेंच. पुढें ४०२ या नमुन्यांत विजेनें चालणारें छप्पर आलें. परंतु लवकरच, १९३६ च्या सुमारास, कंपनीनें तें सोडून हातानें हलणारें छप्पर दिलें. यांत कोणाला पीछेहाट दिसेल; मला शहाणपण दिसतें. छप्पर कोठें अडकलें तर तें हाताला तत्काळ कळतें. विजेची मोटार आपली ओढीतच राहते. महायुद्धांत ब्रिटिश हेरखात्यास साहाय्य केल्यावरून जर्मनांनीं पोलँला पकडलें, आणि २१ मार्च १९४२ रोजीं गोळ्या घालून ठार केलें. त्याची चाळिशीही उलटली नव्हती.

गाडीवानाच्या हातांतील तो क्रम पुरतेपणीं यंत्राच्या हवालीं केला तो अमेरिकेंत फोर्ड कंपनीनें. तिची ‘स्कायलायनर’ १९५७ ते १९५९ या तीन वर्षांत ४८,३९४ इतकी निघाली. बटण दाबलें कीं डिकीचें झांकण कुलुपांतून सुटून वर उठे. मग छपराच्या खिळी सुटत, छप्पर उचललें जाऊन मागें जाई, त्याची पुढची पट्टी खालीं दुमडे, आणि शेवटीं झांकण मिटे. या सर्व क्रियांस सुमारें ४० सेकंद लागत. त्यासाठीं सुमारें ६०० फूट तार, १० रिले आणि १० मर्यादा-स्विच खर्चीं पडले होते. गणकयंत्राचा येथें संबंध नव्हता. एक क्रिया पुरी झाली कीं तिच्या टोकाशीं असलेला स्विच दाबला जाई, आणि तो दाबला गेला म्हणजेच पुढच्या मोटारीस वीज मिळे. एकानें निरोप दिल्यावांचून दुसरा जागचा हलावयाचा नाहीं.

आतां दुरुस्तीची खरी गोम ध्यानांत येईल. झांकण वर उठलें आणि छप्पर मात्र जागेवरच राहिलें, तर पाहणारा सहजच म्हणेल कीं, छपराची मोटार जळाली. तो नवी मोटार विकत आणतो, पैसे खर्चतो, आणि छप्पर पूर्ववत् ढिम्म! जाणता मिस्त्री आधीं विचारतो, “शेवटची पुरी झालेली क्रिया कोणती?” मग तो त्या क्रियेच्या टोकाचा स्विच गांठतो. स्विच केंसभर सरकलेला असतो, किंवा बिजागरीपाशीं वारंवार वांकून तार आंतल्या आंत तुटलेली असते. तपासणीचा एक लहान दिवा तेवढा त्याला पुरतो: वीज येथपर्यंत येते काय, आणि येथून पुढें जाते काय? बॅटरी मंदावली असली किंवा जमिनीची तार गंजली असली, तर दोष कोठेंच नसून सर्वत्र भासतो; म्हणून तें आधीं पाहून घ्यावें. आम्ही इतिहासाचे अध्यापकही राज्य जेथें कोसळलें तेथेंच कारण शोधीत बसतों. पण तें असो.

स्कायलायनर बंद पडली, ती मुख्यतः महाग आणि जड म्हणून. पुढें १९९६ च्या मर्सिडीज एसएलके गाडींत तेलाच्या दाबानें चालणारें छप्पर आलें आणि ही कल्पना पुन्हा रूढ झाली. दोषही बदलले: नळकांड्यांचीं रबरी कडीं झिजतात, तेल पाझरतें, दाब पडतो. क्रम राखण्याचें काम आतां गणकयंत्राकडे गेलें. परंतु त्यालाही वार्ता पोंचवितात ते स्विचच.

२००० सालीं प्यूजोनें आपली जुनी विद्या २०६ सीसी या गाडींत पुन्हा काढली. हिच्या डिकींत सामानावर ओढावयाचा एक पडदा असतो. तो ओढून अडकविलेला नसेल तर आंत येणाऱ्या छपराखालीं सामान चिरडण्याचा धोका, म्हणून सगळें यंत्र स्वस्थ बसतें. मालक पंप बिघडला म्हणून हवालदिल होऊन येतो, आणि अनुभवी मिस्त्री हत्यारांची पेटी न उघडतां आधीं डिकी उघडून त्या पडद्याकडे पाहतो.