कुंडलिकेच्या मुखावरील जुनीं ख्रिस्तमंदिरें

आपल्या रोह्यावरून वाहणारी कुंडलिका पश्चिमेस जेथें समुद्रास मिळते, तेथें तिच्या उत्तर तीरावर रेवदंडा व दक्षिण तीरावर कोर्लई हीं गांवें आहेत. ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं आम्ही प्रिय वाचकांस त्या दोन तीरांकडे नेऊं इच्छितों.

पोर्तुगीजांनीं चौलास १५१६ सालीं वखार घातली व १५२१ सालीं किल्ल्यास आरंभ केला. रेवदंड्याच्या तटाच्या आंत पुढें फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, जेजुइट व ऑगस्टिनियन संघांचीं मंदिरें आणि मठ उभे राहिले. १५७०-७१ मध्यें मुर्तजा निजामशाहानें नगरास वेढा घातला. तोही त्यांनीं सोसला. आज हे अवशेष नारळीपोफळींच्या वाड्यांत शोधावे लागतात. डोमिनिकन मंदिराचें सभागृह उघडें पडलें आहे. परंतु वेदीवरील दगडी कमानदार छत, त्यावरील चौकटींच्या कोरीव कामासह, टिकून राहिलें. अशा छताचा सारा भार दोन्ही बाजूंच्या जाड भिंतींवर उतरतो. त्या भिंती खचल्या नाहींत, म्हणून तेंही पडलें नाहीं. फ्रान्सिस्कनांच्या मंदिरापाशीं संत बार्बरेचा मनोरा आहे. तो मूळचा सात मजल्यांचा, म्हणून लोक त्यास ‘सातखणी’ म्हणतात. वरचे मजले मात्र केव्हांच ढासळले. डॉ. जर्सन द कुन्हा यांनीं १८७६ सालीं चौल व वसई यांच्या प्राचीन वास्तूंवर ग्रंथ लिहिला, तो जिज्ञासूंनीं अवश्य पाहावा.

१७३९ सालीं वसई पडली, आणि १७४० सालीं चौलही तहानें मराठ्यांकडे गेलें. पोर्तुगीज अधिकारी निघून गेले. कोर्लईच्या डोंगरावरील किल्ला पोर्तुगीजांनीं १५९४ सालीं जिंकला होता. त्यांतील मंदिर आज छपराविना आहे. पण पायथ्याचे गरीब ख्रिस्ती कोठें जाणार? ते तेथेंच राहिले. स्वकीयांत नातींगोतीं करीत त्यांनीं आपला धर्म राखिला, आणि पोर्तुगीज व मराठी यांच्या मिश्रणांतून बनलेली बोलीही राखिली. ते तिला ‘नो लिंग’, म्हणजे आपली भाषा, म्हणतात. भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनीं १९९६ सालीं तिच्यावर संपूर्ण ग्रंथ प्रसिद्ध केला.

आम्हांस हें विशेष वाटतें. बलाढ्य संघांनीं बांधलेलीं मंदिरें उत्तर तीरावर ओस पडलीं; ज्यांच्यापाशीं घडीव दगड नव्हता, त्यांच्या गांवांत मात्र कार्मेल मातेच्या मंदिरांत आजही प्रार्थना होते. तेथील मुलें आतां मराठी शाळेंत शिकतात, आणि जुनी बोली मुख्यतः घरांतच ऐकूं येते.