हार्मोनियम आणि हौशी वादक

देवालयाचें मुख्य वाद्य नळ्यांचा ऑर्गन होय. परंतु ज्या धर्मग्रामांस तो परवडत नसे, त्यांच्या साहाय्यास हार्मोनियम आली. तिचें पेटंट अलेक्सांद्र दबँ यांनीं पॅरिस येथें १८४२ सालीं घेतलें. नळ्यांऐवजीं धातूच्या स्वरपट्ट्या व पायांनीं चालणारा भाता, एवढीच तिची सामग्री. पुढें कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनीं हातभात्याची पेटी घडविली. बैठकीवर बसून गाणाऱ्या आमच्या लोकांस ती आपलीशी वाटली.

तिचे स्वर अचल, मींड निघत नाहीं, म्हणून १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें तिला मज्जाव केला. १९७१ सालीं तो निर्बंध सैल झाला. उपासनेंतहि पोप दहावे पायस यांनीं १९०३ सालीं पियानो व नगारे यांस मनाई केली होती. १९६३ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनें ऑर्गनचा मान राखून, पवित्र कार्यास योग्य अशा इतर वाद्यांसहि धर्माधिकाऱ्यांच्या संमतीनें वाट दिली.

येथें कसोटी किमतीची नसून योग्यतेची आहे, आणि वादकाची योग्यता सरावानें येते. दिवसभर शेतांत राबून सायंकाळीं सरगम गिरविणारा हौशी तरुण हा उपासनेचा सेवकच होय. जुबिलीनिमित्त नवी पेटी घेणें सोपें. ती वाजविणारे हात तयार करणें हें आपलें खरें कर्तव्य आहे.