नऊ पिनांची वहिवाट

शेतातून लोक वर्षानुवर्षं जात राहिले की पायवाट तयार होते. ती कुणी आखलेली नसते, नकाशात दाखवलेली नसते. पण पुढे तिला वहिवाट म्हणतात आणि ती सहजासहजी बंद करता येत नाही. कॉम्प्युटरच्या इतिहासातही अशा वहिवाटी आहेत. त्यातली एक नऊ पिनांची आहे. तिच्यामुळे आज घरी बनवलेली जॉयस्टिक चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या मशीनला लावली, तर पहिल्याच झटक्यात चालते.

जॉयस्टिक हा शब्द मूळचा विमानांतला; वैमानिकाच्या हातातल्या दांड्याला तसं म्हणत. घराघरांतल्या टीव्हीसमोर ती आली अटारीमुळे. १९७७मध्ये अमेरिकेत अटारी व्हीसीएस बाजारात आलं, ज्याला पुढे अटारी २६०० हे नाव पडलं. त्याची जॉयस्टिक म्हणजे काळा चौकोनी डबा, मधोमध रबर चढवलेला दांडा आणि डाव्या कोपऱ्यात लालसर बटण.

हा डबा उघडला तर आत जवळजवळ काहीच नसतं. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे आणि फायर, असे पाच स्विच. प्रत्येकाची एक तार प्लगमधल्या आपापल्या पिनला जाते, दुसरं टोक सगळ्यांचं सामाईक ग्राउंड. दांडा ढकलला की तो स्विच ग्राउंडला टेकतो आणि मशीनला कळतं. चिप नाही, प्रोटोकॉल नाही, ड्रायव्हर नाही.

हे इतकं साधं होतं म्हणूनच पसरलं. १९७९मध्ये अटारीने आपल्या ४०० आणि ८०० या होम कॉम्प्युटरांना तोच प्लग दिला. स्पर्धक कमोडोरने व्हिक-२०ला आणि १९८२च्या कमोडोर ६४ला तीच जोडणी ठेवली. १९८५मध्ये आलेले अमिगा आणि अटारी एसटीही त्याच वाटेने गेले. यासाठी कुठली समिती बसली नव्हती. लोकांकडे आधीच असलेली जॉयस्टिक आपल्या मशीनला चालावी, एवढा व्यवहार पुरेसा होता.

कमोडोर ६४वर हा साधेपणा डोळ्यांनी पाहता येतो. बेसिकमध्ये ५६३२० हा पत्ता ‘पीक’ केला की दोन नंबरच्या पोर्टची जॉयस्टिक स्वस्थ असताना १२७ दिसतात. दांडा वर ढकलला की १२६, फायर दाबलं की १११. एकेक स्विच म्हणजे एकेक बिट. दाबला की त्या बिटचा शून्य होतो. बायनरी शिकवायला याहून चांगलं साधन मला तरी माहीत नाही. एक नंबरच्या पोर्टची गंमत वेगळी. त्याच्या तारा कीबोर्डच्याच तारांना जोडलेल्या असल्यामुळे तिथे फायर दाबलं की मशीनला स्पेसबार दाबल्यासारखं वाटतं. म्हणून बऱ्याच गेम्सनी दोन नंबरचं पोर्ट पसंत केलं.

वहिवाटीत अडथळेही आले. ब्रिटनमध्ये १९८२मध्ये आलेल्या झेडएक्स स्पेक्ट्रमला जॉयस्टिकचं पोर्टच नव्हतं. केम्पस्टन कंपनीने मागे लावायचा वेगळा इंटरफेस काढला. सिंक्लेअरने १९८३मध्ये स्वतःचा इंटरफेस आणला. तो जॉयस्टिकच्या हालचाली कीबोर्डवरच्या आकड्यांच्या कळांसारख्या वाचायचा. म्हणून त्या काळच्या गेम्समध्ये आधी ‘कुठली जॉयस्टिक?’ असा मेनू यायचा. पुढे स्पेक्ट्रम अ‍ॅमस्ट्रॅडकडे गेला आणि १९८६च्या प्लस-टू मॉडेलला अखेर पोर्ट मिळालं. प्लग तोच नऊ पिनांचा, पण आतल्या तारांचा क्रम वेगळा! बाजारातली नेहमीची जॉयस्टिक त्यात बसायची, पण नीट चालायची नाही.

भारताचा धागा इथेच जुळतो. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने ऐंशीच्या दशकात आपल्याकडे परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ विकला. मूळ स्पेक्ट्रम प्लसला जॉयस्टिकचं पोर्ट नव्हतं. वेगळा इंटरफेस मिळवला नाही, तर खेळायला फक्त कीबोर्ड उरायचा. १९८४च्या सुमारास सरकारच्या ‘क्लास’ योजनेतून शाळांमध्ये बीबीसी मायक्रो आले. त्यांना पोर्ट होतं, पण पंधरा पिनांचं आणि अ‍ॅनालॉग. तिथे पाच स्विचांचा हिशोब लागूच नव्हता. नव्वदीत आणि त्यानंतर आपल्याकडे घरोघरी आलेल्या स्वस्त ‘टीव्ही गेम’पैकी अनेकांच्या कंट्रोलरला पुन्हा तोच नऊ पिनांचा प्लग होता, पण आत निन्टेन्डोच्या पद्धतीची चिप. सगळी बटणं एकाच तारेवरून एकामागून एक वाचली जायची. प्लग ओळखीचा असला, तरी आतली भाषा वेगळी होती.

मग आज कुणी नवी जॉयस्टिक का बनवतं? पहिलं कारण म्हणजे जुन्या मोडतात. अटारीच्या दांड्याखालचा प्लास्टिकचा भाग तडकतो. ओशन कंपनीच्या १९८४च्या ‘डेली थॉम्पसन्स डिकॅथलॉन’मध्ये धावण्यासाठी दांडा डावी-उजवीकडे वेड्यासारखा हलवावा लागे, जॉयस्टिका मोडणारा गेम म्हणून तो प्रसिद्ध झाला. दुसरं कारण म्हणजे हात. अटारीच्या डब्यावर दांडा उजव्या हातात, बटण डाव्या अंगठ्याखाली. १९८३च्या निन्टेन्डो फॅमिकॉमने हे उलटं केलं आणि आपल्या पिढीचे हात तसेच घडले. स्वतः बनवली की बटण हव्या त्या बाजूला लावता येतं.

सामान फार लागत नाही. आर्केड मशीनला लावतात तसा मायक्रोस्विचवाला दांडा, दोन-तीन बटणं, एक डबा, नऊ पिनांचा प्लग आणि केबल. पुण्याची तपकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड यासाठीच आहे. सोल्डरिंग करण्याआधी मल्टिमीटरने केबलची कुठली तार कुठल्या पिनला जाते ते तपासायचं. १ वर, २ खाली, ३ डावीकडे, ४ उजवीकडे, ६ फायर, ८ ग्राउंड. सातव्या पिनवर पाच व्होल्ट असतात. ते ग्राउंडला टेकू द्यायचे नाहीत.

कमोडोरच्या अनेक गेम्समध्ये उडी मारायला दांडा वर ढकलावा लागतो. ‘वर’च्या स्विचला समांतर एक जादा बटण जोडलं की उडीचं स्वतंत्र बटण तयार! गेमच्या कोडमध्ये अक्षरही बदलावं लागत नाही, कारण तार कुणी टेकवली हे मशीन विचारतच नाही.

मला यातली ही शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. माझा दिवस सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या सांभाळण्यात जातो. दोन वर्षांपूर्वीचं काही विनातक्रार चाललं तर आम्ही खूश होतो. आज अनेक वस्तू जोडलेला भाग ‘अधिकृत’ आहे का हे आधी तपासतात, आणि नसेल तर चालत नाहीत. त्याला सुरक्षिततेची कारणं दिली जातात आणि काही खरीही असतात. पण आणखी चाळीस वर्षांनी आजचा वायरलेस कंट्रोलर मोडला, तेव्हा त्याची बॅटरी, त्याची चिप, त्याची गुप्त किल्ली कुठून आणणार? मुलाला डबा उघडून ‘बघ, ही तार इथे टेकते’ असं काय दाखवणार?

अटारीच्या अभियंत्यांनी भविष्याचा विचार करून पाच स्विच लावले नव्हते. त्यांना स्वस्त वस्तू बनवायची होती. पण त्या स्वस्ताईतून अशी वाट पडली, जिच्यावरून परवानगी न मागता कुणीही जाऊ शकतं. मूळच्या कंपन्या विकल्या गेल्या, बुडाल्या, नावं बदलली. वाट अजून वापरात आहे.